सी भाषेत अंतर्गत क्रमांकांचे वाचनीय मजकुरात रूपांतर: टीसीपी कनेक्शनांच्या यादीचे उदाहरण

लिनक्स संगणकावर टर्मिनल उघडून /प्रॉक/नेट/टीसीपी ही फाइल पाहिली, की त्या क्षणी संगणकावर असलेली आयपीव्ही४ ची सर्व टीसीपी कनेक्शने एकाखाली एक ओळींत दिसतात. मात्र ती वाचता येत नाहीत. एक ओळ साधारण अशी असते:

०: ०१००००७एफ:०२७७ ००००००००:०००० ०ए ००००००००:०००००००० ००:०००००००० ०००००००० ० ० २३४१८

या ओळीचा अर्थ असा, की १२७.०.०.१ या पत्त्यावर, ६३१ या पोर्टवर, रूट (मुख्य प्रशासक) या वापरकर्त्याचा एक प्रोग्राम कनेक्शनची वाट पाहत बसला आहे. पत्ता, पोर्ट, स्थिती आणि वापरकर्ता या चारही गोष्टी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच्या सोयीच्या क्रमांकांत ठेवतो आणि जवळजवळ तशाच बाहेर लिहितो. त्या क्रमांकांचे माणसाला कळेल अशा मजकुरात रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत कसा लिहावा, हे या लेखात पाहू. ज्यांना अ‍ॅरे, पॉइंटर आणि फंक्शन यांची तोंडओळख आहे, पण खरा प्रोग्राम अजून फारसा लिहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; मॅन्युअलमध्ये शोधताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावी लागतील.

क्रमांकाला नाव देणे हे काम वरवर पाहता अगदी किरकोळ वाटते, आणि नेहमीच्या क्रमांकांपुरते ते तसे आहेही. खरी परीक्षा दोन ठिकाणी होते: आपल्या यादीत नसलेला क्रमांक आला तर फंक्शनने काय करायचे, आणि फंक्शनने परत दिलेला मजकूर मेमरीत नेमका कोणाच्या ताब्यात असतो. पुढील प्रत्येक पायरीवर हे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतील.

पायरी १: ओळ फोडणे

फाइल एफओपन ने उघडावी आणि ती उघडली नाही तर पी-एरर ला बोलावून थांबावे. हे फंक्शन स्वतःच एका अंतर्गत क्रमांकाचे मजकुरात रूपांतर करते: शेवटच्या चुकीचा क्रमांक ज्यात असतो त्या एररनो मध्ये २ असेल, तर 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' या अर्थाचा संदेश छापते. एफओपन फसल्यानंतर आणि पी-एरर च्या आधी मध्येच दुसरे एखादे लायब्ररी फंक्शन बोलावले, तर त्याने एररनो बदललेला असू शकतो; म्हणून संदेश लगेच छापावा किंवा एररनो ची किंमत एका चलात जपून ठेवावी.

पहिली ओळ शीर्षकांची असते. ती एफगेट्स ने वाचून सोडून द्यावी. स्तंभ मोजताना मात्र या शीर्षकांवर विसंबू नये. शीर्षकाच्या ओळीत पाठवण्याची रांग आणि घेण्याची रांग ही दोन नावे मोकळी जागा सोडून स्वतंत्र लिहिलेली असतात, तर खालच्या ओळींत त्या दोन्ही किमती विसर्गासारख्या चिन्हाने जोडून एकाच तुकड्यात येतात. टायमरच्या दोन किमतींचेही तसेच. त्यामुळे शीर्षकात वापरकर्ता क्रमांक दहावा दिसतो आणि प्रत्यक्ष ओळीत तो आठवा असतो.

दुसरी अडचण पायाची आहे. पत्ता, पोर्ट आणि स्थिती या किमती षोडशमान पद्धतीत, म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेल्या असतात. त्यात ए म्हणजे १० आणि एफ म्हणजे १५. वापरकर्ता क्रमांक मात्र साध्या दशमान पद्धतीत असतो. एसस्कॅनएफ च्या नमुन्यात सगळीकडे षोडशमानाचा निर्देश देऊन टाकला, तर १००० हा वापरकर्ता ४०९६ होऊन बसतो, कंपाइलर काहीही बोलत नाही आणि चूक पुढच्या पायऱ्यांत शोधत बसावे लागते. एसस्कॅनएफ किती किमती भरल्या तो आकडा परत देते. तो अपेक्षेइतका नसेल, तर ती ओळ सोडून पुढे जावे.

पायरी २: स्थितीचे नाव

टीसीपी कनेक्शनच्या स्थिती १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात नावानिशी दिलेल्या आहेत, आणि २०२२ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या आरएफसी ९२९३ मध्येही त्याच अकरा कायम आहेत. लिनक्सने त्यांना दिलेले क्रमांक असे: १ एस्टॅब्लिश्ड, २ सिन-सेंट, ३ सिन-रिसीव्ह्ड, ४ फिन-वेट-१, ५ फिन-वेट-२, ६ टाइम-वेट, ७ क्लोज, ८ क्लोज-वेट, ९ लास्ट-अ‍ॅक, १० लिसन आणि ११ क्लोजिंग. दस्तऐवजात नावे आहेत, क्रमांक नाहीत. हे क्रमांक लिनक्सचे आहेत आणि दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते निराळे असू शकतात. म्हणून प्रोग्रामात ६ किंवा १० असे उघडे आकडे न लिहिता नेटिनेट डिरेक्टरीतील टीसीपी हेडरमधला एनम, म्हणजे क्रमांकांना नावे देणारी यादी, वापरावी.

नवशिक्याच्या हाताला सर्वांत आधी येतो तो स्विच. प्रत्येक स्थितीसाठी एक केस आणि त्यात त्या नावाचा मजकूर परत देणारी ओळ, अशी त्याची रचना असते. ती लांबलचक दिसते, पण तिला कमी लेखू नये, कारण स्विच एनम प्रकाराच्या चलावर असेल आणि एखादी केस राहून गेली, तर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपाइलर सर्व इशाऱ्यांचा पर्याय चालू असताना ती राहिलेली केस नाव घेऊन दाखवतात. हा इशारा मिळवण्याची अट एवढीच, की स्विचमध्ये डिफॉल्ट नसावे; डिफॉल्ट लिहिले, की कंपाइलर समजतो की उरलेल्या किमतींचा विचार झाला आहे, आणि गप्प बसतो. म्हणून अनोळखी किमतीसाठीची ओळ डिफॉल्टमध्ये न लिहिता स्विचचा कंस बंद झाल्यानंतर लिहावी.

दुसरा मार्ग अ‍ॅरेचा. स्थिर मजकुरांच्या पॉइंटरांची एक अ‍ॅरे करावी आणि सी९९ पासून मिळालेल्या सोयीने प्रत्येक नाव त्याच्या क्रमांकाच्या जागी बसवावे: चौकटी कंसात एनममधले नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग दुहेरी अवतरणात मजकूर. अशाने ओळींचा क्रम चुकला तरी नावे चुकत नाहीत. कंस न घालता नुसती नावे ओळीने लिहिली, तर येथे हमखास घोटाळा होतो, कारण लिनक्सचे क्रमांक १ पासून सुरू होतात आणि अ‍ॅरे ० पासून; सगळी नावे एका घराने सरकतात, ऐकत बसलेले प्रत्येक सॉकेट (कनेक्शनचे संगणकाकडचे टोक) क्लोजिंग असल्याचे दिसते आणि प्रोग्राम बिनतक्रार चालत राहतो.

कंसाच्या पद्धतीत ० क्रमांकाचे घर रिकामे राहते, म्हणजे तेथे नल पॉइंटर असतो. तो प्रिंटएफ च्या हाती गेला, तर काय होईल हे सी भाषेचे मानक सांगत नाही. ग्लिबसी ही लिनक्सवरची नेहमीची लायब्ररी अशा वेळी कंसात 'नल' असे छापते, आणि त्यामुळे अनेकांचा समज होतो की काळजीचे कारण नाही. पण नमुन्यात फक्त मजकुराचा निर्देश आणि नवी ओळ एवढेच असेल, तर जीसीसी त्या प्रिंटएफ च्या जागी परस्पर पुट्स घालतो, आणि पुट्स ला नल दिल्यावर प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने कोसळतो. म्हणून अ‍ॅरेतून नाव काढताना दोन तपासण्या हव्यात: क्रमांक अ‍ॅरेच्या लांबीपेक्षा लहान आहे का, आणि त्या घरात खरोखर काही आहे का. लांबी हाताने १२ अशी लिहू नये. संपूर्ण अ‍ॅरेच्या साइझऑफ ला पहिल्या घराच्या साइझऑफ ने भागून ती काढावी. क्रमांक बिनचिन्ही पूर्णांकात ठेवला, म्हणजे ऋण किमतीची वेगळी तपासणी करावी लागत नाही.

एक्स-मॅक्रो नावाचा तिसरा प्रकारही वाचनात येईल. त्यात नावांची यादी एकदाच मॅक्रोच्या रूपात लिहितात आणि तिच्यातूनच एकदा एनम, तर दुसऱ्यांदा प्रीप्रोसेसरच्या # चिन्हाच्या मदतीने मजकुरांची अ‍ॅरे तयार करून घेतात. एनममध्ये नवे नाव घातले आणि अ‍ॅरेत विसरले, असे होऊच शकत नाही. एनम आपलाच असेल आणि सतत वाढत असेल, तर ही युक्ती उपयोगी पडते. येथे एनम हेडरमधून तयार मिळतो आणि नावे अकराच आहेत. अशा ठिकाणी एक्स-मॅक्रो वापरल्याने कोड वाचणाऱ्याचेच काम वाढते, असे माझे मत आहे.

पायरी ३: अनोळखी क्रमांक आला तर

पुष्कळ नमुना प्रोग्रामांत यादीबाहेरच्या प्रत्येक क्रमांकासाठी 'अज्ञात' हा एकच शब्द परत दिलेला आढळतो. त्याने प्रोग्राम कोसळत नाही हे खरे, पण हाती असलेली एकमेव उपयुक्त माहिती, म्हणजे तो क्रमांक, नाहीसा होतो. अशी वेळ येणारच नाही असेही नाही: आपण हेडर वाचतो ते कंपाइल करताना, आणि प्रोग्राम चालतो तो त्या दिवशी संगणकावर असेल त्या कर्नलवर. कर्नलच्या स्वतःच्या हेडरमध्ये ११ च्या पुढेही क्रमांक वाढलेले आहेत. अशा वेळी 'अज्ञात (१३)' असे छापून आले, तर वाचणाऱ्याला निदान शोध कोठून सुरू करायचा ते कळते.

आता दुसरा प्रश्न पुढे येतो. 'लिसन' हा मजकूर प्रोग्रामातच दुहेरी अवतरणात लिहिलेला आहे. असा मजकूर प्रोग्राम संपेपर्यंत मेमरीत राहतो, म्हणून त्याचा पॉइंटर फंक्शनमधून परत देणे पूर्णपणे सुरक्षित असते आणि तो फ्री करायचा नसतो. 'अज्ञात (१३)' हा मजकूर मात्र प्रोग्राम चालू असताना तयार करावा लागतो आणि त्यासाठी जागा लागते. ती जागा फंक्शनच्या आतल्या साध्या चलात घेतली, तर फंक्शन संपताच ती वैध राहत नाही. स्टॅटिक चलात घेतली, तर पुढच्या वेळी फंक्शन बोलावल्यावर आधीचा मजकूर पुसला जातो. मॅलॉक ने घेतली, तर काही पॉइंटर फ्री करायचे आणि काही नाही, असा गोंधळ बोलावणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे काम दोन फंक्शनांत विभागणे. आतले फंक्शन क्रमांक घेऊन स्थिर मजकुराचा पॉइंटर देईल आणि नाव सापडले नाही तर नल देईल. बाहेरचे फंक्शन क्रमांकाबरोबर एक बफर (मजकूर लिहिण्यासाठीची जागा) आणि त्याची लांबी घेईल, आतल्या फंक्शनला विचारेल आणि एसएनप्रिंटएफ ने बफरमध्ये नाव किंवा क्रमांकासह 'अज्ञात' असे लिहील. बफर बोलावणाऱ्याचा असल्यामुळे तो किती काळ टिकवायचा हे बोलावणाराच ठरवतो. एसएनप्रिंटएफ जो आकडा परत देते तो पूर्ण मजकुराला लागणाऱ्या लांबीचा असतो. तो बफरच्या लांबीइतका किंवा जास्त असेल, तर मजकूर तुटला असे समजावे.

पायरी ४: पत्ता आणि पोर्ट

पत्ता मजकुरात आणण्यासाठी जुन्या पुस्तकांत आयनेट_एनटीओए हे फंक्शन दिलेले असते. वर सांगितलेली स्टॅटिक बफरची खोड याच फंक्शनात आहे: एकाच प्रिंटएफ मध्ये आपला पत्ता आणि समोरचा पत्ता या दोन्हींसाठी ते दोनदा वापरले, तर छापील ओळीत दोन्ही ठिकाणी एकच पत्ता येतो, कारण प्रत्यक्ष छपाई सुरू होईपर्यंत दुसऱ्या बोलावणीने पहिल्याचा मजकूर पुसलेला असतो. आयनेट_एनटॉप हे फंक्शन बोलावणाऱ्याकडूनच बफर मागते, म्हणून तेच वापरावे. आयपीव्ही४ च्या पत्त्याला शेवटच्या शून्य बाइटसह जास्तीत जास्त १६ बाइट लागतात, आणि त्यासाठी हेडरमध्ये तयार स्थिरांक आहे.

फाइलमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता ०१००००७एफ असा उलटा का दिसतो, याचा उलगडा येथे करून घ्यावा. पत्त्याचे चार बाइट मेमरीत नेटवर्कच्या क्रमाने, म्हणजे १२७, ०, ०, १ असेच असतात. कर्नल त्या चार बाइटांकडे एक पूर्णांक म्हणून पाहतो आणि तो छापतो, आणि इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर पूर्णांकाचा सर्वांत लहान किमतीचा बाइट आधी असल्यामुळे छापताना क्रम उलटतो. म्हणून त्याच संगणकावर ती किंमत ३२ बिटांच्या बिनचिन्ही पूर्णांकात वाचली आणि काहीही न उलटवता पत्त्याच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवली, की बाइट आपोआप मूळ क्रमाने बसतात. येथे बाइटांचा क्रम उलटवणारे एचटीओएनएल हे फंक्शन वापरण्याचा मोह आवरावा, नाहीतर १.०.०.१२७ असा पत्ता मिळेल.

पोर्टचे प्रकरण वेगळे आहे. पोर्ट छापण्यापूर्वी कर्नलने तो आधीच उलटवून सरळ केलेला असतो, त्यामुळे ०२७७ म्हणजे थेट ६३१. पोर्टवरून सेवेचे नाव देणारे गेटसर्व्हबायपोर्ट हे फंक्शन उपलब्ध आहे, पण ते नाव /इटीसी/सर्व्हिसेस या फाइलमधल्या नोंदीवरून येते. त्या पोर्टवर प्रत्यक्षात कोणता प्रोग्राम बसला आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. मी तरी पोर्टचा आकडाच छापणे पसंत करतो.

पायरी ५: वापरकर्त्याचे नाव

वापरकर्ता क्रमांकांची यादी प्रोग्रामात ठेवता येत नाही, कारण ती प्रत्येक संगणकावर वेगळी असते. ० म्हणजे रूट एवढे सर्वत्र लागू; उबंटू किंवा फेडोरावर घरचा पहिला वापरकर्ता बहुधा १००० असतो. नाव मिळवण्यासाठी गेटपीडब्ल्यूयूआयडी हे फंक्शन आहे. ते सिस्टिमच्या मांडणीप्रमाणे /इटीसी/पासवर्ड ही फाइल वाचते किंवा कार्यालयाच्या सर्व्हरला विचारते, आणि एका स्ट्रक्चरचा पॉइंटर देते. हे स्ट्रक्चरही लायब्ररीच्या ताब्यातले असते आणि पुढच्या बोलावणीत बदलू शकते, म्हणून नाव हवे असेल तर ते लगेच आपल्या बफरमध्ये उतरवून घ्यावे. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रामात याच नावापुढे _आर लावलेले फंक्शन वापरावे. ते बफर आपल्याकडून घेते, बफर अपुरा असल्यास ई-रेंज ही चूक परत देते, आणि तसे झाल्यास बफर दुप्पट करून पुन्हा विचारावे.

नल मिळाला म्हणजे नेहमीच चूक झाली असे नाही. क्रमांक आहे पण त्याला नाव नाही, ही अगदी रोजची परिस्थिती आहे: खाते काढून टाकलेले असते, किंवा प्रोग्राम कंटेनरमध्ये चाललेला असतो आणि त्या कंटेनरच्या यादीत ते नाव नसते. अशा वेळी 'एलएस' हा आदेश फायलीच्या मालकाच्या जागी सरळ क्रमांक छापतो. तोच शिरस्ता आपणही पाळावा. खरी चूक ओळखायची असेल, तर बोलावण्यापूर्वी एररनो शून्य करावा आणि नंतर तो तपासावा.

याच ठिकाणी ही फाइल एक चकवा देते. टाइम-वेट स्थितीतले कनेक्शन कोणत्याही प्रोग्रामच्या मालकीचे उरलेले नसते. कर्नल त्याची छोटीशी नोंद तेवढी ठेवतो आणि फाइलमध्ये वापरकर्ता क्रमांकाच्या जागी सरळ ० लिहितो, आयनोडही (सॉकेटचा ओळख क्रमांक) ० लिहितो. आपले फंक्शन त्या शून्याचे इमानेइतबारे 'रूट' करून देईल, आणि एखाद्या व्यग्र वेब सर्व्हरवर अशा शेकडो ओळी पाहून वाचणारा उगाच धास्तावेल. रूपांतर करणाऱ्या फंक्शनची यात चूक नाही. त्याला एकटा क्रमांक दिसतो, संदर्भ दिसत नाही. म्हणून स्थिती ६ असेल, तर वापरकर्त्याच्या स्तंभात नावाऐवजी फक्त आडवी रेघ छापावी, आणि हा निर्णय ओळ छापणाऱ्या फंक्शनमध्ये घ्यावा.

मराठी नावे द्यायची असतील तर

स्थितीची नावे मराठीतून दाखवावीत, असे कोणालाही वाटणे साहजिक आहे आणि सी भाषेची त्याला आडकाठी नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्राही स्वतंत्र धरून, ३ बाइट घेते. 'ऐकत आहे' या मजकुराला मधल्या मोकळ्या जागेसह १९ आणि शेवटच्या शून्यासह २० बाइट लागतात, म्हणून १६ बाइटांचा बफर त्याला पुरत नाही. एसएनप्रिंटएफ बाइट मोजून मजकूर तोडते, तेव्हा अक्षराच्या मध्येच छेद जाऊन शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसू शकते. प्रिंटएफ मध्ये दिलेली स्तंभाची रुंदीही बाइटांतच मोजली जाते. त्यामुळे मराठी आणि रोमन नावे एकाच स्तंभात आली, की रेषा वाकड्या होतात आणि रुंदी स्वतः मोजून मोकळ्या जागा भराव्या लागतात. माझा सल्ला असा, की स्थितीची मूळ नावे तशीच ठेवावीत, कारण अडचण आल्यावर माणूस तेच नाव शोधतो, आणि मराठी हवी ती शीर्षकांत, चुकांच्या संदेशांत व स्पष्टीकरणात द्यावी. अनेक भाषा द्यायच्या असल्यास गेटटेक्स्ट ही लायब्ररी अभ्यासावी. अ‍ॅरेत मूळ मजकूर राहतो आणि भाषांतर छापण्याच्या क्षणी होते.

पडताळणी

प्रोग्राम कंपाइल करताना सर्व इशारे आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपाइलरची सोय) चालू ठेवावेत. मग स्थितीच्या फंक्शनला मुद्दाम ०, १, ११, १२ आणि २५५ या किमती देऊन पाहाव्यात. ० आणि ११ या दोन टोकांवरच बहुतेक चुका सापडतात. त्यानंतर आपली यादी आणि 'एसएस' या आदेशाने टीसीपीची, आयपीव्ही४ पुरती, सर्व स्थितींची आणि आकड्यांतली यादी मागवून दोन्ही शेजारी ठेवाव्यात. एसएस हा आदेश ही फाइल न वाचता नेटलिंक या कर्नलशी बोलण्याच्या मार्गाने कर्नलला थेट विचारतो, आणि कर्नलच्या दस्तऐवजातही या फाइलपेक्षा तोच मार्ग सुचवलेला आहे. त्यामुळे ही तुलना खऱ्या अर्थाने स्वतंत्र ठरते. दोन याद्या काही क्षणांच्या अंतराने घेतलेल्या असल्याने अल्पकाळ टिकणारी कनेक्शने एकीत असतील आणि दुसरीत नसतील. ऐकत बसलेली सॉकेटे मात्र ओळीला ओळ जुळली पाहिजेत. एसएस ची नावे थोडी आखूड असतात, उदाहरणार्थ एस्टॅब्लिश्डऐवजी एस्टॅब, हे लक्षात असू द्यावे.

हे जमल्यावर /प्रॉक/नेट/टीसीपी६ हाती घ्यावी. तेथे पत्ता ८ ऐवजी ३२ षोडशमान अंकांचा असतो आणि तो ३२ बिटांच्या चार तुकड्यांत, प्रत्येक तुकडा वर सांगितल्याप्रमाणे उलटा, असा लिहिलेला असतो. चारही तुकडे वेगवेगळे वाचून आयपीव्ही६ पत्त्याच्या स्ट्रक्चरमध्ये ओळीने ठेवावेत आणि आयनेट_एनटॉप ला ४६ बाइटांचा बफर द्यावा. स्थितीच्या आणि वापरकर्त्याच्या फंक्शनांना हातही लावावा लागणार नाही.